कॉलेजातली घाई आणि आपलं एकमेकांशी वागणं

गोदाकाठ

नमस्कार. इथे बरेच प्राध्यापक, सीएचबीवाले (तासिका तत्त्वावर शिकवणारे), पीएचडी करणारे लोक आहेत म्हणून हा धागा काढतेय. मी मराठवाड्यातल्या एका अनुदानित कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. पगार, वेतन आयोग, पदभरती यावर इथे आधीच पुष्कळ धागे आहेत, त्यात मला भर घालायची नाहीये. मला बोलायचंय ते वेळ नसण्याबद्दल, आणि त्यापायी आपण माणूस म्हणून कसे होत चाललोय त्याबद्दल.

आधी सध्याचं चित्र सांगते, म्हणजे बाहेरच्या लोकांना कळेल. एनईपी (नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण) स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ ला आलं आणि आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून. आता एका मुलाचे मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम), ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, आयकेएस, व्हीईसी, सीसी असे विषयांचे गट, पुढे ओजेटी (प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) आणि फिल्ड प्रोजेक्ट. प्रत्येकाची अंतर्गत परीक्षा, प्रत्येकाचे मार्क भरायचे, प्रत्येकाची हजेरी. ॲडमिशनची शेवटची तारीख पुढे पुढे जात राहते, मग गणपती येतात, आणि दिवाळीच्या आधी परीक्षा उरकायची असते, तर कागदावर १५ आठवड्यांचं असलेलं सेमिस्टर वर्गात किती उरतं ते शिकवणाऱ्यांना माहितीये. वरून नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था. तिला द्यायचा एक्यूएआर हा अहवाल दरवर्षी भरायचा, प्रत्येक कार्यक्रमाचा अहवाल, उपस्थितीच्या सह्या, जिओटॅगचा फोटो. आमच्याकडे एक सर रिटायर झाले, त्यांची जागा भरलीच नाही, त्यांचे पेपर माझ्याकडे आले आणि त्यांची कमिटीपण माझ्याकडे आली.

दमायला होतं हे खरं, पण दमण्याचं मला तेवढं वाटत नाही, आमच्या आईने शेतात आणि घरात याच्याहून जास्त कष्ट केलेत. मला वाटतं ते वेगळंच. आमच्या एका सहकाऱ्याच्या वडिलांना अचानक ॲडमिट केलं, ग्रुपवर मेसेज आला, आणि त्याच्या खाली पहिला मेसेज होता ‘सरांचं दुपारच्या सत्राचं सुपरविजन कोण करेल ते कळवावे’. ज्यांनी तो टाकला ते परीक्षा विभाग बघतात, अतिशय सज्जन माणूस आहे, त्यांच्या जागी मी असते तर मीही तोच मेसेज टाकला असता, आणि नेमकं याचंच मला भय वाटतं. कोणी म्हणालं की माझा लेख जरा वाचून सांग ना, तर आपण ‘हो हो पाठव’ म्हणतो आणि वाचत नाही, आणि पुढच्या वेळी ती व्यक्ती विचारत नाही. मॉडरेशनला, म्हणजे तपासलेले पेपर पुन्हा बघायला, बसल्यावर पेपर उघडून बघायचा असतो, तिथे सह्या होतात. वर्गात एखादी मुलगी खरोखर चांगला प्रश्न विचारते आणि आपल्या तोंडून येतं की पुढच्या तासाला बघू, पोर्शन राहिलाय. व्याख्यानाचा फोटो झाला की मागच्या बाकावरून माणसं उठायला लागतात, पाहुणा अजून बोलत असतो.

यातलं एकही काम कोणी दुष्टपणे करत नाही. सगळं घाईत होतं. पण रोज रोज केलं की तेच आपलं वागणं होतं, आणि मग ते वागणं बघून नवीन लागलेली मुलंमुली शिकतात की कॉलेजात असंच असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की एकमेकांसाठी वेळ काढणं हे आपल्याकडे कुठल्याच प्रोफॉर्म्यात नाही, म्हणून वेळ कमी पडला की सगळ्यात आधी तेच जातं, आणि ते गेलं की मागोमाग प्रामाणिकपणा जातो. कारण माझा पेपर वाचणारा, माझी प्रश्नपत्रिका बघणारा, मला ‘हे चुकलंय’ म्हणणारा माणूसच उरत नाही.

तुमच्याकडे काय आहे? आणि कोणी काही करून बघितलंय का?

पिंपळपान

गोदाकाठ ताई, अगदी मनातलं लिहिलंत. मी मानसशास्त्राची आहे, तुमच्या त्या सुपरविजनच्या मेसेजवरून एक जुना प्रयोग आठवला. १९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोघांनी तो प्रसिद्ध केला, अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतल्या विद्यार्थ्यांवर केलेला. म्हणजे पाद्री व्हायला निघालेली मुलं. त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायचं होतं. त्यातल्या निम्म्यांना विषय दिला होता बायबलमधल्या त्या भल्या शोमरोनी माणसाच्या गोष्टीचा, रस्त्यात जखमी पडलेल्याला बाकीचे ओलांडून जातात आणि परका माणूस थांबतो ती गोष्ट. काहींना सांगितलं की उशीर झालाय, पळा, तिकडे वाट बघतायत. काहींना सांगितलं वेळेवर आहात. काहींना सांगितलं अजून अवकाश आहे. आणि वाटेत एक माणूस दारात वाकून, खोकत, कण्हत पडलेला ठेवला होता.

ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. मधल्यांतले ४५ टक्के. ज्यांना पळा म्हटलं होतं त्यांच्यातले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता त्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही, म्हणजे त्याच गोष्टीवर बोलायला निघालेला मुलगाही न थांबता गेला. एकूण ४० च मुलं होती प्रयोगात, म्हणून त्या टक्क्यांना फार चिकटून बसू नये, पण मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. जे थांबले नाहीत त्यांच्यातले काहीजण पोचले तेव्हा अस्वस्थ दिसत होते असं संशोधकांनी नोंदवलंय. ते निर्दय नव्हते. तिकडे कोणीतरी त्यांची वाट बघत होतं, त्यालाही शब्द दिलेला होता, आणि दोन्हीकडचं ओझं एकाच वेळी पेलवेना. तुमच्या परीक्षा विभागाच्या सरांचं तेच झालंय. तीनशे मुलं हॉलमध्ये बसलेली असताना माणूस दुसरं काय करणार.

म्हणून विद्यार्थ्यांना किंवा प्राध्यापकांना मूल्यशिक्षणाचे जादा तास लावून हे सुटेल असं मला वाटत नाही. पोरांच्या डोक्यात मूल्यं होतीच, अख्खी गोष्ट पाठ होती.

जुनाफळा

मी रिटायर झालोय, १९८४ ला लागलो होतो. धागा चांगला आहे पण थोडं उलट बोलतो, राग मानू नका.

पूर्वी वेळ होता हे खरं. वेळ होता म्हणून सगळे चांगले वागत होते हे खरं नाही. पिवळ्या पडलेल्या वह्यांवरून वर्षानुवर्षं शिकवणारे मी बघितलेत. दुपारी दोनला घरी जाऊन शिकवण्या घेणारे बघितलेत. स्टाफरूममध्ये टेबलं वाटलेली असायची, कुठल्या टेबलावर कोण बसणार हे जातीवरून आणि गावावरून ठरायचं आणि नवीन माणसाला ते पहिल्याच आठवड्यात कळायचं. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१० ला एपीआय, म्हणजे प्राध्यापकांच्या कामाला गुण देणं, आणलं तेव्हा काही तरुण प्राध्यापकांना बरंच वाटलं होतं, कारण तोपर्यंत साहेबांची मर्जी चालायची, निदान आता आकडा बोलेल असं त्यांना वाटलं. त्या आशेत काही चूक नव्हती.

पण एक मान्य करतो. मी लागलो तेव्हा आमचे विभागप्रमुख माझ्या तासाला मागे येऊन बसायचे, न सांगता. सुरुवातीला भीती वाटायची. तास झाला की कॅन्टीनमध्ये नेऊन सांगायचे की अमुक उदाहरण चुकीचं दिलंस, फळ्यावर अक्षर बारीक काढतोस. हे त्यांनी पाच-सात वर्षं केलं आणि त्याची कुठे नोंद नाही. पुढे मी विभागप्रमुख झालो तोपर्यंत नॅक, परीक्षा, शिष्यवृत्तीचे फॉर्म यातून उठून कोणाच्या तासाला जाऊन बसणं मला जमलेलं नाही. माझ्यानंतर लागलेल्यांना ते मिळालं नाही याचं वाईट वाटतं.

केतकी_भौतिक

जुनाफळा सर, टेबलांबद्दल लिहिलंत ते बरं झालं. मी अजून एक सांगते. तासानंतरचा चहा, कट्टा, संध्याकाळी रेंगाळून होणाऱ्या चर्चा, यात बायका कधी होत्या? माझ्या आधीच्या पिढीतल्या मॅडम पाचच्या बसने घरी पळायच्या कारण स्वयंपाक होता, मुलं होती. त्यांना तेव्हाही वेळ नव्हता. सहकार्य, चर्चा, ओळखी, पेपर कोणाबरोबर लिहायचा, परीक्षक म्हणून कोणाचं नाव सुचवायचं, हे सगळं त्या कट्ट्यावर ठरायचं आणि त्या तिथे नसायच्या. घाई आत्ता सगळ्यांच्या वाट्याला आली म्हणून तिच्यावर धागा निघाला, आमच्याकडे ती आधीपासून आहे. गोदाकाठ, तुझ्यावर रोख नाहीये, तू बाईच आहेस आणि तुला हे माहितीच असणार. पण ‘पूर्वीचा निवांतपणा परत आणा’ असं म्हणताना तो निवांतपणा घरी कोणाच्या जिवावर होता हे विसरू नये. वेळ हवा तर तो टाइमटेबलच्या आत हवा, पाचच्या आधी.

गोदाकाठ

केतकी, शंभर टक्के. हे मी पहिल्या पोस्टमध्येच लिहायला हवं असं आता वाटतंय. पाचच्या आधी, हे लक्षात ठेवते.

वर्धेचा_वाटसरू

मी सीएचबीवर आहे, मराठी विषय, सेट (प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा) झालेलं आहे, पीएचडीचं काम चालू आहे. तुम्ही सगळे पर्मनंट लोक वेळेबद्दल बोलून राहिले तर आमची बाजू पण ऐका.

आम्हाला तासाचे पैसे मिळतात. घेतला तास तर पैसे, नाही घेतला तर नाही. सुट्टी लागली, परीक्षा लागल्या, की मीटर बंद. आणि मिळतात तेही महिन्याच्या महिन्याला मिळत नाहीत, बिलं साठून साठून एकदम निघतात. एका कॉलेजात पूर्ण वर्कलोड देत नाहीत म्हणून मी दोन गावांत जातो, मध्ये एसटी. आता सांगा, तास संपल्यावर एखादा पोरगा कवितेबद्दल विचारायला आला तर मी काय करू? मी थांबतो, खरं सांगतो, बहुतेक वेळा थांबतो, आणि मग पुढच्या कॉलेजात उशिरा पोचतो आणि तिथल्या मॅडमना वाटते की हा माणूस बेजबाबदार आहे. माझ्या चांगल्या वागण्याची किंमत दुसऱ्या ठिकाणी माझ्या नावावर लागते.

आणि स्टाफरूमचं म्हणाल तर आम्हाला कपाट नाही. बसायला जागा आहे पण कोणाची तरी खुर्ची असते ती. डिपार्टमेंटच्या मीटिंगला बोलावलं तर पैसे नाहीत आणि नाही बोलावलं तर अभ्यासक्रम बदलला हे आम्हाला पोरांकडून कळते. सहकारी म्हणजे नेमकं कोण, हा प्रश्न आमच्यासाठी रोजचा आहे. पर्मनंट लोक वाईट वागत नाहीत, दिवाळीला फराळ पण आणून देतात, पण पुढच्या जूनमध्ये मी इथे असेन की नाही हेच माहीत नसेल तर कोण माझ्याशी पुस्तकावर वाद घालत बसेल?

रोखठोक७२

सगळं वाचलं. एक विचारतो, मी उद्योगात आहे, बायको प्राध्यापक आहे. आठवड्याला १६ तास शिकवणं आणि उन्हाळ्याची सुट्टी, आणि तुम्हाला वेळ नाही? कंपनीत टार्गेट असतात, तिथेही माणसं एकमेकांना मदत करतात. ज्याला करायचंय तो वेळ काढतोच असं माझं प्रामाणिक मत आहे.

आकडेमोड

@रोखठोक७२, प्रश्न रास्त आहे, नीट उत्तर देतो. २०१८ च्या यूजीसी नियमांत सहायक प्राध्यापकाला १६ तास आणि सहयोगी व प्राध्यापकाला १४ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे, पण त्याच नियमात आठवड्याचं काम ४० तासांचं धरलंय, वर्षात ३० आठवडे म्हणजे १८० दिवस शिकवण्याचे. उरलेले तास तयारी, तपासणी, संशोधन, विद्यार्थी यांच्यासाठी आहेत. अडचण त्या उरलेल्या तासांची आहे, कारण त्यांच्यावर कोणाचा पहारा नाही, म्हणून जे काही नवीन येतं ते तिथेच ओतलं जातं. पोर्टल आलं, तिथे. सर्वेक्षण आलं, तिथे. निवडणुकीचं काम, मतदार जागृती, स्वच्छता पंधरवडा, सगळं तिथे. शिकवण्याचे १६ तास टाइमटेबलमध्ये दिसतात म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही.

आणि कंपनीतल्या मदतीबद्दल. तिथे तुमचं टार्गेट टीमचं असतं. आमच्याकडे कॅसच्या (नोकरीतल्या बढतीच्या योजनेच्या) प्रमोशनला जो फॉर्म भरतो तो एकट्याचा असतो, आणि त्यातलं गणित ऐका. २०१८ च्या नियमांप्रमाणे मान्य जर्नलमध्ये एक पेपर म्हणजे भाषा, मानव्य, सामाजिक शास्त्रांना १० गुण, विज्ञानाला ८. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला ७० टक्के. तिघं झाले की पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना ३० टक्के. प्रोफेसर व्हायला किमान १० पेपर आणि ११० गुण. नियम करणाऱ्यांचा हेतू फुकट नावं लावण्याला आळा घालण्याचा असणार, आणि ते व्हायला हवंच होतं. पण परिणाम असा झाला की तिसरा माणूस बरोबर घेताना हात अडखळतो. आमच्याकडे दोन मित्रांचं बोलणं बंद झालंय ते पहिलं नाव कोणाचं यावरून. चांगली माणसं आहेत दोघंही. एकाची प्रमोशनची तारीख जवळ आली होती, एवढंच.

मग घाईत पेपर कुठे छापायचे? पैसे घेऊन आठवड्यात छापणारी जर्नलं निघाली. यूजीसीने मान्य जर्नलांची यादी केली, त्या यादीतही तीच शिरली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये तपासणी छापली होती, विद्यापीठांकडून त्या यादीत आलेल्या जर्नलांपैकी त्यांनी तपासलेल्यांतली ८८ टक्के हलक्या दर्जाची निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने एकदम ४३०५ जर्नलं यादीतून काढली. २०१९ ला यूजीसीची केअर ही नवी यादी आली, तीही २०२५ ला बंद केली आणि ठरवायचं काम संस्थांवर टाकलं. म्हणजे आता ठरवायचं आपणच, आणि ठरवायला जो वेळ आणि जे वाचणं लागतं तेच आपल्याकडे नाही. पेपर वाचून मत देण्यापेक्षा जर्नलचं नाव यादीत आहे का ते बघायला अर्धा मिनिट लागतं, म्हणून यादी सगळ्यांना हवी होती.

रोखठोक७२

एकट्याच्या फॉर्मचा मुद्दा पटला. बायकोला विचारलं, ती म्हणाली सुट्टीत कॅपला (विद्यापीठाच्या तपासणी केंद्रावर) पेपर तपासायला जाते तेव्हा तुम्ही घरी नसता म्हणून तुम्हाला ती सुट्टी वाटते.

कोरा_कागद

पेपर तपासणीचा विषय निघालाच आहे तर मुंबई विद्यापीठातलं २०१७ आठवा. सगळ्या उत्तरपत्रिका एकदम ऑनस्क्रीन तपासायच्या ठरलं, १७ लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका, पुरेशी तयारी नाही, स्कॅनिंग मागे पडलेलं. निकाल लांबले, राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती पाळली गेली नाही, ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून काढलं. मुलांचे परदेशातले प्रवेश अडकले, पुनर्मूल्यांकनाचे अर्ज वाढले. मुदत गाठण्यासाठी जेवढ्या वेगाने तपासायला लावलं तेवढ्या वेगात उत्तर वाचून होतं का, हा प्रश्न तेव्हा फार थोड्या लोकांनी विचारला, सगळी चर्चा सॉफ्टवेअरची झाली. एखाद्या परीक्षकाला शंका आली की हे उत्तर वेगळं आहे पण बरोबर असू शकतं, तर पूर्वी कॅप सेंटरवर शेजारी बसलेल्याला दाखवायचा, दोघं मिळून ठरवायचे. त्या बाकावर चांगलं शिक्षण व्हायचं, माझं तरी झालंय. स्क्रीनसमोर एकेकटे बसलो आणि काउंटर चालू असला की कोण कोणाला दाखवणार.

मस्टर

मी प्राध्यापक नाही, कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक आहे. वाचतो नेहमी, लिहीत नाही. आज लिहितो.

तुम्ही लोक एकमेकांबद्दल लिहिलंत, ऑफिसचं कोणी लिहिलं नाही. आमच्याकडेही माणसं रिटायर होतात आणि जागा भरत नाहीत. शिष्यवृत्तीचं पोर्टल, परीक्षेचं पोर्टल, विद्यापीठाचं, संचालनालयाचं, प्रत्येकाची शेवटची तारीख वेगळी आणि सर्व्हर त्याच दिवशी बसतो. तुमची एक्यूएआरची माहिती तुम्ही शेवटच्या रात्री देता आणि मग सकाळी आमच्यावर आवाज चढतो. आम्हीही मग खिडकीवर मुलांशी तसेच बोलतो. खेड्यातून आलेला मुलगा जातीच्या दाखल्याची झेरॉक्स विसरलेला असतो, त्याला पूर्वी आमचे साहेब बसवून घ्यायचे, पाणी द्यायचे, काय काय लागतं ते कागदावर लिहून द्यायचे. आता ‘उद्या ये’ म्हणतो. त्याचं उद्या येणं म्हणजे दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं असतं, हे मला माहीत आहे, मी स्वतः तसाच शिकलोय.

सहकारी म्हणताना आम्हालाही धरा एवढीच विनंती.

गोदाकाठ

मस्टर दादा, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. धरलं.

शांतिपर्व

वेगळ्या बाजूने लिहितो. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ला हातात घेतली आणि पुरी झाली १९६६ ला. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ ला प्रमुख संपादक झाले, १९४३ ला गेले, त्यांनी पूर्ण काम बघितलंच नाही. बाराशेच्या वर हस्तलिखितं बघितली गेली, शारदा, बंगाली, ग्रंथ, मल्याळम, कितीतरी लिप्यांतली. एकेक श्लोकाचे पाठ कागदावर एकाखाली एक उतरून मिळवून बघायचे. पुण्याबरोबर शांतिनिकेतनला आणि तंजावरलाही ही पाठमिळवणी चालायची. सभापर्वाचं संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन विद्वानाने केलं, उद्योगपर्वाचं बंगालच्या सुशीलकुमार डे यांनी.

आता आजच्या फॉर्मवर बघा. ज्याने पंधरा वर्षं एका लिपीतले पाठ मिळवले त्याच्या नावावर किती पेपर? शून्य. त्याला प्रमोशन नाही. एकाने मिळवलेला पाठ दुसऱ्याने तपासायचा, दुसऱ्याची चूक तिसऱ्याने काढायची आणि कोणी वाईट वाटून घ्यायचं नाही, असं काम पिढ्या बदलल्या तरी चालू राहिलं. पैशांची तंगी त्यांनाही होतीच, निवांत कोणीच नव्हतं. पण कामाला लागेल तेवढा वेळ कामच ठरवायचं. सुकथनकर गेल्यावर बेलवलकरांनी आणि नंतर प. ल. वैद्यांनी ते पुढे नेलं, अर्धं काम दुसऱ्याच्या हातात देऊन जाता येईल एवढा विश्वास एकमेकांवर असल्याशिवाय असं होत नाही. माझ्या विभागात मी रजेवर जाताना चालू वर्ग दुसऱ्याकडे द्यायला कचरतो, कारण तो ते ओझं म्हणून घेईल हे मला माहीत असतं.

एल्बेकाठी

जर्मनीतून लिहितेय, पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधक) आहे. इकडे सगळं छान आहे असं कोणी समजू नका. इथे कायद्याने पीएचडीच्या आधी ६ वर्षं आणि नंतर ६ वर्षं एवढाच काळ तात्पुरत्या करारावर राहता येतं, नंतर कायम नोकरी नाही मिळाली तर बहुतेकांना विद्यापीठ सोडावं लागतं, आणि कायम जागा फारच कमी. २०२१ मध्ये यावरून ट्विटरवर ‘मी हाना आहे’ म्हणून मोठी मोहीम झाली होती, कारण मंत्रालयाच्या व्हिडिओत हाना नावाच्या काल्पनिक मुलीच्या तोंडून हे सगळं किती चांगलं आहे ते सांगितलं होतं. लॅबमध्ये आम्ही सगळ्या हसून बोलतो, पण कोणाचं घड्याळ किती उरलंय हे प्रत्येकीला माहीत असतं. वर्धेच्या दादांनी लिहिलेलं वाचून मला लगेच जवळचं वाटलं.

शेजारी नेदरलँड्समध्ये उट्रेख्त विद्यापीठाने २०२१ ला ठरवलं की नेमणूक आणि बढतीत जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या लेखांचा सरासरी किती वेळा उल्लेख होतो तो आकडा) बघायचा नाही, आणि माणूस टीममध्ये कसं काम करतो तेही धरायचं. त्यावर नेदरलँड्समधल्याच दीडशेहून जास्त संशोधक-प्राध्यापकांनी विरोधाचं पत्र लिहिलं, त्यांचं म्हणणं आकडा गेला की मनमानी वाढेल. जुनाफळा सर म्हणाले ना साहेबांची मर्जी, तेच. मला दोघांचंही पटतं आणि त्यामुळे मला सोपं उत्तर सुचत नाहीये.

नवखी_संशोधक

मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात आहे. मॅडम खूप चांगल्या आहेत, पण माझं प्रकरण वाचायला त्यांना वेळ मिळत नाही. प्रगती अहवालावर सही मिळते. मी त्यांना दोष देत नाही, त्या रात्री अकराला मेलला उत्तर देतात. पण माझ्या लिखाणात चुका असतील तर मला त्या परीक्षकाकडूनच कळणार का, ही भीती पोटात असते. मी आणि अजून दोघी वेगवेगळ्या विषयातल्या, आता दर पंधरा दिवसांनी एकमेकींची दहा पानं वाचतो. विषय कळत नाही तरी ‘हे वाक्य मला समजलं नाही’ एवढं सांगता येतं. फार उपयोग होतोय.

गोदाकाठ

नवखी, तू लिहिलंस ते वाचून मी तुझी पोस्ट आमच्या विभागात मोठ्याने वाचून दाखवली. खरंच.

सगळ्यांचं वाचून आम्ही काय केलं ते सांगते. अर्थशास्त्र, इतिहास आणि मराठी असे तीन विभाग मिळून टाइमटेबल कमिटीकडे गेलो आणि बुधवारचा एक तास तिघांचाही मोकळा ठेवून घेतला, दुपारी बाराचा, केतकीच्या म्हणण्याप्रमाणे पाचच्या खूप आधी. सीएचबीवाल्या दोघांचे तास त्याच्या आधी लावले म्हणजे त्यांना यासाठी वेगळं यावं लागत नाही. त्या तासात कोणाचा तरी ड्राफ्ट किंवा अंतर्गत परीक्षेची प्रश्नपत्रिका सगळ्यांनी मिळून वाचायची. पहिल्यांदा माझीच प्रश्नपत्रिका घेतली, इतिहासाच्या सरांनी सांगितलं की तिसऱ्या प्रश्नाचे दोन अर्थ होतात, आणि होत होते. ऑफिसातल्या अधीक्षकांनाही बोलावलंय, परीक्षेच्या कामाच्या तारखा आधी त्यांच्याशी बोलून लावायच्या म्हणून.

प्राचार्य खूश झाले. म्हणाले फारच छान, याची मिनिट्स ठेवा, फोटो काढा, नॅकच्या क्रायटेरियन ७ मध्ये बेस्ट प्रॅक्टिस म्हणून टाकू. त्यांचा हेतू चांगलाच आहे, कॉलेजला ग्रेड हवी आहे आणि आमच्या नोकऱ्या त्यावर आहेत. आता काय करावं?

आकडेमोड

टाकू नका. आकडा लागला की पुढच्या वर्षी तो वाढवायला सांगतील, मग महिन्याला चार तास ‘घेतले पाहिजेत’ होतील आणि पाचव्या महिन्यात नुसत्या सह्या होतील.

केतकी_भौतिक

मी म्हणते टाका. नोंद नसली तर पुढचा प्राचार्य तो तास काढून घेईल आणि तुमच्याकडे दाखवायला काही नसेल. आम्हा बायकांची अर्धी कामं नोंद नाही म्हणूनच कोणी मोजली नाहीत.

वर्धेचा_वाटसरू

मधला मार्ग. तास टाइमटेबलमध्ये लेखी असू द्या, प्राचार्यांच्या सहीने. आत काय वाचलं, कोण काय बोललं, त्याचं मिनिट्स नको. आणि त्या तासाचे सीएचबीवाल्यांना पैसे मिळतील का ते पण विचारा, राजेहो.

गोदाकाठ

हे पटलं. टाइमटेबलवर नुसतं ‘विभागीय वाचन’ लिहून सही घेते, अहवाल देणार नाही असं सरांना स्पष्ट सांगते. सीएचबीच्या मानधनाचं मात्र त्यांच्या हातात नाही असं मस्टर दादांसारखे आमचे अधीक्षक म्हणतात, ते संस्थेकडे न्यावं लागेल, संस्थेने स्वतःच्या निधीतून द्यावं असा अर्ज करतोय, तिन्ही विभागांच्या सह्यांनी. कोणाच्या संस्थेने असे पैसे दिलेले असतील तर ठरावाची भाषा कशी होती ते इथे टाका, या बुधवारी अर्ज लिहायला बसणार आहोत.